कुत्रीला घाटात सोडण्याआधी

वाईला आमच्या आळीत एका घरी लॅब्रेडॉर कुत्री होती. नाव सोनी. ऐन पौषात ती व्याली, सात पिल्लं झाली. मागच्या पडवीत, शहाबादी फरशीवर एक पोतं टाकून तिची सोय केली होती. आठ दिवस सगळं ठीक होतं. नवव्या रात्री पिल्लं रडू लागली. भुकेचं रडणं आचळ तोंडात गेलं की थांबतं. हे थांबेना. मी सकाळी पाहायला गेलो तेव्हा सोनी एकेका पिल्लाला चाटत पोटाशी ओढत होती, आणि पिल्लू आचळाला तोंड लावून पुन्हा सोडून देत होतं. एक उचलून तळहातावर घेतलं. पोट गार लागलं. जिवंत जनावराचं पोट असं लागत नाही. पोत्यावर पिवळट हिरवी शी पडली होती. दुपारपर्यंत चार गेली, रात्रीतून आणखी दोन.

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एक मेलेलं पिल्लू उघडून पाहिलं. दोन्ही मूत्रपिंडांवर लाल ठिपकेच ठिपके होते, जणू कुणी कुंकवाची चिमूट वरून भुरभुरली असावी. "हर्पीस दिसतोय," डॉक्टर म्हणाले. ते पुढंही काही सांगत होते, पण त्या एका शब्दानंतर घरातल्या कुणी ऐकलंच नाही. सून पोटुशी होती, पाचवा महिना. कुणीतरी मोबाइलवर तो शब्द घालून पाहिला आणि त्यावर जे निघायचं ते निघालं. "पांढऱ्या पायाची आहे, आधी घराबाहेर काढा तिला," असं घरातल्या थोरल्या आजी म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी सोनीला गाडीत घालून पसरणी घाटात सोडून आले. तेव्हा तिच्या आचळांतून दूध ठिबकत होतं. राहिलेलं एक पिल्लू कुणी तरी नेलं.

मी दारात उभा होतो आणि गप्प होतो. त्या आजारातलं काहीही त्या सुनेला किंवा तिच्या बाळाला होणार नव्हतं, हे मला माहीत होतं. शेजाऱ्याच्या घरच्या गोष्टीत आपण कशाला पडा, म्हणून मी बोललो नाही. त्या गप्प बसण्याची लाज वाटते, म्हणून आज लिहितो आहे.

कुत्र्यांचा हर्पीस विषाणू १९६५ साली पहिल्यांदा ओळखला गेला. आपल्याकडे तो नवा नाही आणि परदेशी जातीच्या कुत्र्यांपुरताही नाही. मोठ्या कुत्र्याला तो झाला तर बहुतेक वेळा कळतही नाही. थोडं नाक वाहतं, कधी खोकला येतो, कधी जननेंद्रियावर बारीक पुळ्या उठून जातात. त्यानंतर तो मज्जातंतूंच्या गाठींत दडून बसतो, तो जन्मभर. जनावरावर ताण पडला, जागा बदलली, अंगातली ताकद कमी करणारं औषध दिलं किंवा कुत्री गाभण राहिली, की तो पुन्हा डोकं वर काढू शकतो. आईच्या अंगावर आजाराचं एकही चिन्ह दिसत नाही. पिल्लू जन्मवाटेतून येताना किंवा आईच्या नाकातोंडाच्या ओलाव्यातून त्याला लागण होते आणि आठवडाभरात ते रडू लागतं. रडू लागल्यापासून एक-दोन दिवसांत खेळ संपतो. एकदा रडणं सुरू झालं की औषधाचा फारसा उपयोग होत नाही.

मोठा कुत्रा नुसता शिंकतो आणि पिल्लू मरतं, ते का? त्याचं कारण आहे ऊब. हा विषाणू ३५-३६ अंशांच्या आसपास जोमानं वाढतो. धडधाकट कुत्र्याच्या अंगाची उष्णता ३८ ते ३९ अंश असते, तिथं त्याचा जोर चालत नाही. पण नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाचं अंग पहिल्या आठवड्यात ३५-३६ अंशांवरच असतं. त्याला सुरुवातीचे काही दिवस थंडीनं कापताही येत नाही. स्वतःची ऊब स्वतः राखायला त्याला तीन आठवडे तरी लागतात. म्हणजे विषाणूला हवी तेवढीच ऊब आणि हवा तेवढाच वेळ आपण गार फरशीवर त्याला देतो.

इथं मला आपली बाळंतिणीची खोली आठवते. खाटेखाली शेगडी, खिडकीला जाड पडदा, बाळाला टोपडं आणि दुपटं, ओव्याची धुरी, आणि दहा-बारा दिवस बाहेरच्या माणसाला आत यायची मुभा नाही. या रिवाजात सोवळ्या-ओवळ्याचा भाग पुष्कळ होता, तो टाकून दिला हे बरंच झालं. पण नव्या जिवाला ऊब हवी आणि परक्याचा वावर नको, ही त्यातली जाण खरी होती. गाभण कुत्रीसाठी पशुवैद्य आज नेमकं हेच सांगतात. व्यायच्या आधीचे तीन आठवडे आणि नंतरचे तीन आठवडे तिला बाहेरच्या कुत्र्यांपासून वेगळं ठेवायचं आणि पिल्लांची जागा पहिल्या आठवड्यात ३० अंशांच्या आसपास उबदार राखायची. त्याला खर्च किती? एक लाकडी खोकं, आत जुनी गोधडी, उंचावर टांगलेला बल्ब, टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी. आणि पिल्लांच्या शेजारी ठेवायला भिंतीवरचा शंभर-दोनशे रुपयांचा तापमापक. ज्या घरात सुनेच्या बाळंतपणाची तयारी सातव्या महिन्यापासून सुरू होते, त्या घरात कुत्रीच्या वाट्याला जानेवारीत एक पोतं यावं? युरोपात गाभण कुत्रीला टोचायची लसही आहे. पण लस असो नसो, शेगडीचं ज्ञान आपल्याला आजीच्या आजीपासून आहे.

आणि सोनीला तो आला कुठून? व्यायच्या काही महिने आधी तिला पुण्याला क्रॉसिंगला नेलं होतं. नर कुणाचा, त्याच्याकडं आणखी किती माद्या येतात, त्याची तपासणी झाली आहे का, हे विचारलं नव्हतं. फक्त कागद विचारले होते. लागण तिथूनच झाली असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण हा विषाणू कुत्र्यांत ज्या वाटांनी फिरतो त्यांतली ही एक मोठी वाट आहे. तिला सोडून आलेल्या हातांनीच तिला तिथं नेलं होतं.

आता 'पांढऱ्या पायाची' या शब्दाबद्दल. हा शब्द आपण जनावरांसाठी घडवला नाही. ज्या बाईची मुलं जगली नाहीत, जी घरात आल्यावर कुणी दगावलं, तिला आपण पिढ्यानपिढ्या तो चिकटवला. मूल कशानं गेलं हे शोधण्यापेक्षा आईला दोष देणं सोपं, म्हणून. विज्ञान मात्र या ठिकाणी आईच्या बाजूनं उभं आहे. एकदा लागण होऊन गेली की कुत्रीच्या रक्तात त्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं तयार होतात आणि पुढच्या वेताच्या पिल्लांना ती चिकाच्या दुधातून मिळतात. म्हणून ज्या कुत्रीचं एक वेत असं गेलं, तिची पुढची पिल्लं सहसा वाचतात. सोनीला घरात ठेवलं असतं, तर पुढच्या खेपेला तिच्या दुधानंच तिची पिल्लं राखली असती.

हर्पीस हा शब्द इतका दचकवणारा का झाला, तेही पाहू. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ सरपटणं. आपला सर्प हा शब्दही त्याच मुळातून फुटला आहे. अंगावर सरपटत जाणारे फोड पाहून ग्रीकांनी जे नाव दिलं, तेच आपल्याही लोकांनी वेगळ्या वाटेनं दिलं: नागीण. नागीण याच कुळातल्या विषाणूनं होते. लहानपणी कांजिण्या देणारा विषाणू मज्जातंतूंत दडून राहतो आणि उतारवयात नागीण होऊन बाहेर पडतो. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो, असं गावोगाव अजून सांगतात. रोगी त्या धास्तीनं झोपत नाही आणि दवाखान्याऐवजी नागीण उतरवणाऱ्याकडं जातो. एका मज्जातंतूच्या पट्ट्यात, अंगाच्या एकाच बाजूला फोड येतात, म्हणून ते तोंड-शेपूट जुळवत अंगाभोवती फिरत नाहीत. हे साधं शरीरशास्त्र शाळेत शिकवता येतं. विषाणूवरची गोळी फोड उठल्यापासून तीन दिवसांत सुरू झाली तर चांगली लागू पडते, आणि नेमके तेच तीन दिवस मंतरलेल्या राखेत जातात.

दुसरं कारण असं की हर्पीस म्हटलं की लोकांना एकच गुप्तरोग आठवतो. लैंगिक आरोग्याविषयी मोकळेपणी बोलावं म्हणून र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ साली मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं, त्यापायी अश्लीलतेचे खटले सोसले. त्यांच्यानंतर इतक्या वर्षांनीही आपण तो शब्द कुजबुजत उच्चारतो आणि कुजबुजीतून कधीच नीट माहिती मिळत नाही. हर्पीस हे एका रोगाचं नाव नाही, ते एका मोठ्या कुळाचं नाव आहे. ओठावर तापाचे फोड आणणारा विषाणू त्यातलाच, आणि जगात पन्नाशीच्या आतल्या दर तिघांपैकी जवळजवळ दोघांच्या अंगात तो आहे. पोटुशी सून, आजी, मी, हे वाचणारे तुम्ही, आपल्यापैकी बहुतेकांच्या मज्जातंतूंत या कुळातला कुणी ना कुणी बिऱ्हाड करून आहे. बारशाला आलेल्या पाहुण्याच्या ओठावर असा फोड असेल आणि त्यानं बाळाचा मुका घेतला, तर क्वचित का होईना बाळाच्या जिवाला धोका होतो. त्या सुनेच्या बाळाला जपायचंच होतं तर तिथं जपायचं होतं. पण मुका घेणाऱ्या मामाला कुणी घाटात सोडून येत नाही, आणि फोड आहे तर लांबून बघ असं सांगायलाही आपण संकोचतो.

मग एका जनावराचा हर्पीस दुसऱ्याला होतो की नाही? या कुळातल्या बहुतेक विषाणूंनी आपापला यजमान लाखो वर्षांपूर्वी धरला आणि त्याच्याबरोबर पिढ्या काढल्या. पेशीत शिरण्यासाठी विषाणूच्या अंगावरचं प्रथिन पेशीच्या दाराशी किल्लीसारखं बसावं लागतं, आणि कुत्र्याच्या हर्पीसची किल्ली कुत्रा, लांडगा, कोल्हा या एकाच गोतावळ्याच्या दारांना बसते. मांजराचा हर्पीस वेगळा, घोड्याचा वेगळा, माणसाचे आठ-नऊ वेगळे. कुत्र्याच्या हर्पीसची माणसाला लागण झाल्याची सिद्ध झालेली एकही नोंद नाही.

पण 'कधीच नाही' असं सरसकट म्हणून मी तुम्हाला फसवणार नाही. अपवाद आहेत, आणि ते भयंकर आहेत. डुकराच्या अंगात राहणारा एक हर्पीस विषाणू आहे. हंगेरीच्या अलादार आउयेस्की यांनी १९०२ साली त्याच्या रोगाचं वर्णन केलं. मोठ्या डुकराला त्याचं फार काही होत नाही. पण डुकराचं कच्चं मांस किंवा आतडी खाल्लेल्या कुत्र्याला तो झाला, तर अंगाला अशी खाज सुटते की कुत्रा स्वतःचीच कातडी फाडतो आणि एक-दोन दिवसांत मरतो. मॅकाक कुळातल्या माकडांत बी विषाणू नावाचा हर्पीस असतो. माकडाला त्यानं तोंडात चारदोन फोड येतात. १९३२ साली अमेरिकेत पोलिओवर काम करणारे तरुण डॉक्टर विल्यम ब्रेबनर यांना प्रयोगशाळेतलं माकड चावलं आणि ते त्यानं गेले. १९९७ साली अटलांटाजवळच्या संशोधन केंद्रात एलिझाबेथ ग्रिफिन या २२ वर्षांच्या मुलीच्या डोळ्यात माकडाच्या अंगावरची घाण उडाली, आणि काही आठवड्यांत ती गेली. उलट बाजूनंही घडतं. आपल्या ओठावरचा साधा तापाचा विषाणू दक्षिण अमेरिकेतल्या मार्मोसेट या चिमुकल्या माकडाला मारून टाकतो. माणसाचं उष्टं फळ त्याला पुरतं.

म्हणून विचारायचा प्रश्न असा: कोणता विषाणू, कोणाकडून, कोणाला, कोणत्या वाटेनं? एवढं विचारलं तर पुढचं पाऊल बरोबर पडतं. ज्या पसरणी घाटात सोनीला सोडलं, त्याच घाटाच्या वळणांवर रविवारी गाड्या थांबतात. लोक लहान पोरांच्या हातात वेफर्स देऊन माकडांना भरवायला लावतात आणि फोटो काढतात. माकड मॅकाक कुळातलं असतं. बी विषाणूच्या माणसांतल्या नोंदी जगभरात पन्नासेकच आहेत आणि बहुतेक प्रयोगशाळांतल्या आहेत, त्यामुळं माकडं पाहून पळत सुटायची गरज नाही. पण माकड चावलं तर रेबीजचीही भीती असते, आणि ती खरी आहे. ज्या कुत्रीपासून काहीच होणार नव्हतं तिला घाटात सोडायचं, आणि त्याच घाटात पोराचं बोट माकडाच्या तोंडाशी न्यायचं, हे आपलं अज्ञान आहे आणि ते दूर होण्यासारखं आहे.

कुत्र्यापासून माणसाला खरोखर काय होतं, ते मात्र आपण विसरतो. रेबीज होतो. लक्षणं दिसू लागल्यावर त्यातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. जगात माणसाला होणाऱ्या रेबीजचं कारण शंभरांत नव्याण्णव वेळा कुत्रा असतो. तरी चावलेल्या जागी आजही चुना, हळद, तिखट, तंबाखूची राख लावतात, कुणी गंडा बांधतात. चावा बसल्याबरोबर जखम साबणानं, वाहत्या पाण्याखाली, पूर्ण १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठून पहिली लस घ्यायची. रक्त आलं असेल तर जखमेत द्यायचं इम्युनोग्लोब्युलिनही मागून घ्यायचं, आणि लशीची एकही तारीख चुकवायची नाही. १५ मिनिटं म्हणजे किती, हे एकदा घड्याळ लावून नळाखाली हात धरून पाहा. वाटतं त्यापेक्षा फार जास्त असतात. आणि आपल्या कुत्र्याला दर वर्षी रेबीजची लस टोचा, आळीतल्या भटक्या कुत्र्यांना टोचण्याची मोहीम आली की हातभार लावा. गल्लीतल्या शंभरांतल्या सत्तर कुत्र्यांना लस मिळाली की रेबीजची साखळी तुटते.

कुत्र्यांच्या लसीचा विषय माणसाशी संपत नाही. २०१८ च्या पावसाळ्याअखेर गीरच्या एकाच भागात २३ सिंह दगावले. तपासणीत काहींच्या अंगात कुत्र्यांना होणाऱ्या डिस्टेंपरचा विषाणू सापडला, आणि ती तपासणी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत झाली. डिस्टेंपर हा हर्पीसच्या कुळातला नाही आणि तो हद्द ओलांडतो. जंगलाच्या कडेच्या गावातली लस न टोचलेली कुत्री जंगलातल्या जिवांना काय देऊ शकतात, हे लक्षात आलं की घाटात कुत्री सोडणं ही केवळ कुत्रीवरची क्रूरता राहत नाही.

कुत्री पाळणाऱ्यांपेक्षा जास्त दोष माझ्या मते विकणाऱ्यांचा आहे. एकाच मादीकडून वेतामागून वेत काढायचं, तिला सिमेंटच्या पिंजऱ्यात ठेवायचं, पिल्लं मेली की नाल्यात टाकायची, आणि वाचलेली पाच आठवड्यांची असतानाच गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. २०१७ च्या केंद्र सरकारच्या नियमांनी पैदास करणाऱ्याला नोंदणी सक्तीची केली आहे आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला मनाई केली आहे. हा नियम पाळला जात नाही, कारण घेणारे आपण विचारत नाही. पिल्लू घ्यायला जाल तेव्हा त्याची आई दाखवा म्हणा, ती कुठं ठेवली आहे ते बघा, नोंदणीचा कागद मागा. दाखवायला तयार नसेल तर मागं फिरा.

२०२० च्या साथीत, कुत्र्या-मांजरांपासून करोना होतो या अफवेपायी किती घरांनी आपली जनावरं रस्त्यावर काढली, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. पुढची साथ येईल तेव्हाही असा एखादा शब्द येईल. तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांचं वाक्य पूर्ण होऊ द्या. त्यांना विचारा, हे माणसाला होतं का, कसं होतं, काय करायचं. त्यांच्या उत्तरानंतर ठरवा.

सोनीच्या घरात देव्हाऱ्याशेजारी दत्तगुरूंची तसबीर आहे. त्यांच्या पायाशी चार कुत्री बसलेली आहेत, आणि त्या तसबिरीला रोज हार होतो. त्या सुनेला पुढं मुलगी झाली. धडधाकट आहे, शाळेत जाते. सोनीला शोधायला ते लोक नंतर दोनदा घाटात जाऊन आले, ती सापडली नाही.

तुमच्या घरी कुत्री गाभण असेल तर आजच खोकं आणि गोधडी काढून ठेवा. पिल्लं दगावली असतील तर तिला घराबाहेर काढू नका. आणि कुणी तिला गाडीत घालताना दिसलं, तर माझ्यासारखे दारात उभे राहू नका, खाली उतरा आणि बोला.